सव्वासातची ऑर्डिनरी

धनावडे काकांना आमच्या गल्लीत कोणी धनावडे म्हणत नसे. पोस्टमनसुद्धा "कंट्रोलर हायत काय?" असंच विचारायचा. आधी बरीच वर्षं कंडक्टर आणि मग निवृत्त होईपर्यंत रत्नागिरीच्या स्टँडवर कंट्रोलर, एवढी त्यांची नोकरी. माणूस निवृत्त झाला, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. काकी मागच्या परसात असल्या की काका पुढच्या पडवीतून पुकारायचे, "सौभाग्यवती धनावडे, सौभाग्यवती धनावडे, आपल्या कुकरची तिसरी शिट्टी झालेली आहे." ते ऐकून आमच्या घरात माझी बायको उठून आपला गॅस बंद करायची.

काका मुलाकडे डोंबिवलीला वारले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिहायला मी दोन-तीनदा बसलो. चांगलं चांगलं आठवत जातं, मग मध्येच केळशी येते आणि मी उठून चहा करायला जातो. आज केळशीपाशी उठायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा. मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, सकाळी साडेसातला स्कूटर बाहेर काढतो, आणि त्या वेळी काका पडवीत आरामखुर्चीत असायचेच. "विलास, तुझी गाडी दोन मिनिटं लेट हाय," हे रोजचं. मी चिडायचो. मला आधीच कोणी वेळेवरून बोललेलं चालत नाही आणि तेही बरोबर बोललेलं तर मुळीच नाही.

स्टँडवरचे त्यांचे किस्से अजून सांगितले जातात. स्टँडच्या मागच्या भिंतीला लोक उभे राहायचे, ते काकांना सहन व्हायचं नाही. एकदा त्यांनी सरळ माइक हातात घेतला. "मागील भिंतीकडे तोंड करून उभे असलेल्या निळ्या शर्टाच्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शौचालय आपल्या डाव्या हाताला वीस पावलांवर आहे." निळा शर्ट अर्ध्यात वळला म्हणतात. पण सांगायची गोष्ट अशी, की हा नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. काका जन्मात कधी रस्त्याच्या कडेला उभे राहिले नाहीत. कितीही घाई असो, चार भिंती आणि दार पाहिजे. "लोकांची माइकवरून लाज काढणारा माणूस आपण. आपण कसं उभं राहायचं?" असं म्हणायचे.

दुसरा नियम रद्द गाडीचा. गाडी रद्द झाली तर ती कारणासकट पुकारायची. नुसतं 'रद्द झाली आहे' म्हणणं त्यांना प्रवाशांचा अपमान वाटायचा. "पाय दुखेस्तवर उभा हाय तो माणूस. त्याला कारण समजायला नको?" एकदा एका ड्रायव्हरच्या बायकोला ऐन वेळी कळा सुरू झाल्या आणि तो घरी पळाला. काकांनी पुकारलं, "चालकाच्या घरी पाळणा हलण्याची वेळ झाल्यामुळे गाडी रद्द करण्यात येत आहे. पुढील गाडी पन्नास मिनिटांनी." चिडलेल्या बायका हसायला लागल्या, आणि पुढच्या आठवड्यात कोणीतरी त्या ड्रायव्हरसाठी बाळाचं टोपडं आणून कंट्रोलरच्या खिडकीत दिलं.

मग निवृत्तीनंतर चौथ्या की पाचव्या वर्षी त्यांचं हृदय दमलं. दमलं हा शब्द डॉक्टरीणबाईंचा. हृदय बंद पडलेलं नाही, पण पंप कमजोर झाला आहे, त्यामुळे अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, धाप लागते. औषधं जन्मभर, रोज, ठरल्या वेळी. आमच्या ओळखीतले बाकीचे लोक असं काही ऐकून खचतात किंवा हिमालयातली मुळी शोधायला लागतात. काकांनी घरी येऊन वेळापत्रक लिहिलं.

सकाळी सव्वासातला सुटणारी पाण्याची गोळी म्हणजे ऑर्डिनरी. का, तर ती सगळ्या थांब्यांवर थांबते. घेतली की दोन-तीन तास माणसाला दर वीस मिनिटांनी उठवते. ठोके आवरणारी गोळी म्हणजे घाटातली गाडी, सेकंड गिअरमध्ये चालणारी. दुपारची रक्त पातळ करणारी ती निमआराम. आणि झोपतानाची ती अर्थातच रातराणी. गोळ्या ठेवायला कंडक्टरची जुनी तिकिटांची पत्र्याची पेटी, तिच्या खणांत आठवड्याचे दिवस. गोळी घेतली की तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं कॅलेंडरवरच्या तारखेला भोक पाडायचं. दिवसाला चार भोकं. पेटी आणि चिमटा दोन्ही भंगारवाल्याकडून घेतलेले, हे ते कोणी न विचारता सांगायचे. "खात्याचं काय आणलेलं नाय मी."

सव्वासाताच्या आधी वजनकाटा. परसात जाऊन येऊन, चहाच्या आधी, रोज त्याच पंच्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नसतं, पाणी असतं आणि लगेच फोन करायचा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. काका वजन मोठ्यानं वाचायचे आणि आत काकी ते लिहायच्या. आम्हाला गडग्यापलीकडे त्यांचं वजन पाठ असायचं.

मीठ तोडलं ते मात्र त्यांना फार जड गेलं. संगमेश्वराकडच्या वाडीत वाढलेला माणूस, पेजेबरोबर खारातला आंबा नसेल तर ती पेज कसली. एका सकाळी ते चिनीमातीची बरणी छातीशी धरून आमच्या दारात उभे राहिले. "ही तुझ्याकडं ठेव. माझ्या घरात असली तर मी चोर हाय. मी मागायला आलो तरी द्यायची नाय." मी ती ठेवून घेतली, आणि वर्षभर त्यांचे खारातले आंबे मीच खाल्ले. कधी कधी गडग्याशी उभं राहून, त्यांना दिसेल असे. ते हसायचे. "वास तरी येऊंदे मेल्या," म्हणायचे. मला ती थट्टा वाटत होती.

आता केळशी.

माझी मुलगी प्राजक्ता. तिला सायकल काकांनी शिकवली, दहावीला तिचं वेळापत्रक काकांनी लावलं. माझे वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हा आजोबा म्हणजे तिच्या लेखी तेच. तिचं केळशीच्या मुलाशी जमलं आणि साखरपुडा मुलाकडे करायचा ठरला. प्राजक्ता म्हणाली, "कंट्रोलर आजोबा आले नाहीत तर मी अंगठी घालणार नाही." मलाही ते हवेच होते. आमच्याकडून चार शब्द बोलायला मोठं माणूस लागतं, आणि असा आवाज कुठल्या व्याह्याकडे असणार? हे मी मुद्दाम लिहितो आहे. मला त्यांचा आवाज मिरवायला हवा होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी काका कागद घेऊन आले. सहाला निघणार, किनाऱ्याच्या रस्त्यानं, मध्ये दोन फेरीबोटी. त्यांनी थांबे लिहून आणले होते, प्रत्येक थांब्यापुढे तिथलं शौचालय कोणाचं, दाराला कडी आहे की नाही. पाच थांबे.

"काका, पाच?" मी म्हणालो. "बसमध्ये वीस माणसं आहेत. मुहूर्त साडेबाराचा आहे. ती पाण्याची गोळी दोन दिवस सोडा ना."

"सोडायची नसते रे. वेळ वाईच बदलली तर चालते. तसं विचारून ठेवलंय मी बाईंना. पोचल्यावर घेतो."

"मग पोचल्यावर घ्या."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

सकाळी आरे-वारेचा समुद्र बघत बस निघाली, पोरींनी गाणी सुरू केली. तासाभरानं गणपतीपुळ्याला काकांनी हळूच ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. गोळी नव्हती तरी वय होतंच. ते एका ओळखीच्या खानावळीत गेले. चालणं सावकाश, धाप सांभाळत. मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो, सगळ्यांना दिसेल असं. सात मिनिटं लागली. ते चढताना मी म्हणालो, "काय काका, तुमच्या ऑर्डिनरीनं आमची फेरीबोट चुकवायची काय?" बस हसली. तेही हसले. पुढे केळशीपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला हात लावला नाही आणि पाण्याच्या बाटलीलाही लावला नाही. फेरीबोट वीस मिनिटं उशिरा आली. त्या सात मिनिटांनी कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

पोचलो ते थेट मुहूर्तावरच. काका बोलले, काय बोलले! "प्राजक्ता नावाची आमची गाडी आज आपल्या फलाटाला लागते आहे. तिची काळजी घ्यावी, ही विनंती." माझ्या व्याह्यांनी डोळे पुसले. मी अभिमानानं फुगून बसलो होतो.

पंगतीत व्याही स्वतः वाढायला. पापड, खारातली मिरची, आणि नेमका खारातला आंबा. काकांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभर ज्याच्याकडे बरणी ठेवली होती त्याच्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "घ्या हो. एका दिवसानं काय होतंय?" व्याह्यांचा मान राहावा म्हणून. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या. डोळे मिटून.

चार वाजता त्यांनी पत्र्याची पेटी काढली. मी धावलो. घरात संडास होता, पण तिथे बायकांची रांग. दुसरा मागल्या आगरात, माडांच्या पलीकडे. "काका, आता घेतलीत तर रात्र होईस्तोवर यांच्या आगरातून फेऱ्या माराल. लोक काय म्हणतील? उद्या घरी जाऊन घ्या." मी हळू बोललो असं मला वाटलं होतं, पण व्याह्यांचे भाऊ हसले. काकांचे कान लाल झाले. त्यांनी पेटी बंद केली, आणि तिच्या पत्र्याच्या झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून ते हातानं दाबून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचा प्रवास. त्या सकाळी मी काही बोललो नाही. बोलायची गरजच उरली नव्हती. पेटी त्यांच्या मांडीवर होती आणि ती त्यांनी उघडली नाही. काकी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. आम्ही संध्याकाळी घरी पोचलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर बाहेर काढत होतो. काका गडग्याला धरून उभे. पायांत चपला शिरत नव्हत्या म्हणून अनवाणी. "विलास, वजन अडीच किलोनं वर. गाडी ओव्हरलोड झाली रे." एवढं बोलताना दोनदा थांबले.

"साखरपुड्याचं जेवण, काका!" मी म्हणालो आणि किक मारली. मला उशीर होत होता. तेवढ्या बोलण्यानं ते खरोखर गंमत समजले की काय कोण जाणे, पण बाईंना फोन झाला नाही. गोळी घेतली त्यांनी त्या दिवशी, पण आता एका गोळीचं काम राहिलं नव्हतं. अकराला काकींचा फोन आला तेव्हा त्यांना पलंगावर आडवंही होता येत नव्हतं. रिक्षात ते माझ्या खांद्याला टेकून बसले होते आणि त्यांच्या छातीतून पाण्यातून हवा यावी तसा आवाज येत होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो, स्टोअरमध्ये एकटा असलो की जास्त.

इंजेक्शनांनी पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पलंगाशी आल्या, हातात कागद, चेहरा कडक. "धनावडे, तुम्ही माझे सगळ्यात शिस्तीचे पेशंट. दोन दिवस गोळी नाही? कोणी सांगितलं बंद करायला?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. काकी पलीकडे. खोलीत फक्त आम्हीच. एक वाक्य बोलायचं होतं, 'मी सांगितलं.' दोन शब्द. माझ्या घशापर्यंत आले होते हे म्हणायला सोपं आहे. खरं म्हणजे आलेच नव्हते. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत होतो.

"गाडी रद्द केली," काका म्हणाले.

"का पण?"

"कारण काय नाय." धाप लागली म्हणून थांबले. "माझंच ठरलं."

आयुष्यभर रद्द गाडीचं कारण पुकारलेला माणूस! ड्रायव्हरच्या घरचा पाळणा ज्यानं माइकवरून सांगितला, त्यानं माझं नाव गिळलं. आणि मी ते गिळू दिलं. बाईंनी त्यांना पाच मिनिटं झापलं, पोरासारखं. ते मान हलवत राहिले. मी मध्ये एकदा "हो ना, सांगतो आम्ही त्यांना" असं म्हणालोसुद्धा. लिहिताना बोटं थांबतात, पण म्हणालो खरं.

घरी आल्यावर मी फार सेवा केली. औषधं आणली, आठवड्याला पेटी भरून दिली, वजनकाट्याची बॅटरी बदलली. ज्याला बोलता येत नाही तो असं काहीतरी करत बसतो. प्राजक्ताच्या लग्नाला काका आले नाहीत. लग्न रत्नागिरीतच होतं, घरापासून दहा मिनिटांवर. "ऑर्डिनरीवर जाणारा माणूस मी, मांडवात मध्येच उठलो तर बरं दिसत नाय," म्हणाले. प्राजक्ता रडली आणि मग हॉलवर जाण्याआधी शालूसकट गडगा ओलांडून त्यांच्या पाया पडून आली. तिला अजून माहीत नाही ते का आले नाहीत. हे वाचून कळेल.

काकींना मात्र माहीत होतं. एकदा मी पेटी भरत असताना त्या भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "विलासला काय बोलायचं नाय, असं बजावलंय मला यांनी. म्हणून मी बोलत नाय." आणि बोलल्या नाहीत. चहा पुढे ठेवला. त्या दिवसानंतर माझ्या चहात त्यांनी साखर किती घालायची हे विचारणं सोडलं, एवढाच काय तो फरक. मी तसाच प्यायचो.

पडवीत त्यांनी कॅलेंडर खिडकीच्या गजाला टांगलं होतं. सकाळचं ऊन भोकांतून आत यायचं. केळशीच्या महिन्याचं, दोन तारखांना भोकं कमी असलेलं पान त्यांनी उलटलं नाही की फाडलं नाही, पुढचे महिने त्याच्या शेजारी दुसऱ्या खिळ्याला लावले. का ते मी विचारलं नाही. मी बसायचो ती खुर्ची त्या पानाला पाठ करून ठेवत असे.

मग काकांचा मुलगा आला. तो डोंबिवलीला असतो. आईवडिलांना तिकडे न्यायचं, मोठी हॉस्पिटलं जवळ, असं ठरलं. निघायच्या सकाळी मी रजा टाकली. ठरवलं होतं, आज बोलायचं. मुलाच्या गाडीत सामान चढलं, काकी मागे बसल्या, काका पुढे. पत्र्याची पेटी मांडीवर. मी खिडकीशी वाकलो.

"काका, त्या केळशीच्या वेळी..."

त्यांनी हात वर केला. मूठ तोंडाशी नेली, माइक धरल्यासारखी. आवाज अर्धा राहिला होता, पण तोच. "प्रवाशांना सोडायला आलेल्यांनी कृपया गाडीपासून दूर उभे राहावे." आणि मग माझ्या गालाला हात लावून, साध्या आवाजात, "सव्वासातची वेळेवर सुटली आज. थांबे लिहून दिलेत पोराला. तू जा कामाला, लेट हायस."

मी दूर उभा राहिलो. सांगितलं होतं म्हणून.

गाडी गल्लीच्या टोकाला गेली आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलपाशी थांबली. पहिला थांबा. दार उघडलं. मुलगा उतरून त्यांच्या बाजूला आला, त्यांना हात दिला, आणि ते एकेक पाऊल टाकत आत गेले. मुलगा बाहेर थांबला. उघडं दार धरून, ऊन तोंडावर येत होतं तरी तिथेच. मी त्याच्याकडे बघत होतो, त्याच्या हाताकडे. मनगटावर घड्याळ होतं. त्यानं एकदाही बघितलं नाही.

मी बघितलं. काका बाहेर आले, बसले, दार लागलं, गाडी वळली. सात मिनिटं लागली. सातच.